रणभिसे मॅडमची उलटतपासणी

"दोन सुया टोचल्या त्यांस्नी," छबुताई म्हणाल्या. "एक जेवायच्या आधी आन् एक जेवल्यावर. मी तिथंच हुते की, माझ्या डोळ्यांदेखत."

"हॉस्पिटल म्हणतंय एकच टोचली," मगदूम वकील म्हणाल्या. "दुसरी म्हणताय ती रक्त तपासायची होती."

"रक्त बोटातनं काढत्यात. ही दंडात मारली. मला काय येवढं बी कळत न्हाई व्हय?"

मगदूम वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मिरजेतल्या त्यांच्या ऑफिसात टेबलाच्या कडेला माझ्यासाठी एक खुर्ची नुकतीच आली होती, आणि तिच्यात मला अजून नीट बसता येत नव्हतं. सारी नोकरी वॉर्डात उभ्यानं काढलेली बाई मी. पेशंटचं माणूस बोलायला लागलं की आपोआप उठून उभी राहायची. त्या दिवशीही उभीच होते. मगदूम बाईंनी डोळ्यांनी दोनदा खुणावलं तेव्हा कुठं बसले.

कंबर कामातून गेली, नाइट ड्यूटी झेपेना, घरी मुलगी गार्गी दहावीला आणि सासूबाईंची पथ्यं, म्हणून मी हॉस्पिटल सोडलं होतं. मग टपालानं एक वर्षाचा वैद्यकीय कायद्याचा अभ्यासक्रम केला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक उघडं ठेवून भाकऱ्या थापायच्या, अशा थाटात. माझ्या कार्डावर मेडिको-लीगल कन्सल्टंट असं छापलं होतं. म्हणजे हॉस्पिटलांच्या खटल्यांत वकिलांना वैद्यकीय भाग उलगडून सांगणारी बाई. सासूबाई, आमच्या अक्का, शेजारीपाजारी सांगायच्या, "आमची सून आधी डॉक्टरांच्या मागनं फिरायची. आता डॉक्टर तिला बघून पळणार."

डॉक्टर कुठले पळतायत! छबुताईंची केस ही माझी पहिलीच मोठी केस होती, आणि ती माझ्याच जुन्या हॉस्पिटलच्या विरुद्ध होती.

छबुताईंचे यजमान शंकर वायदंडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पायाची जखम चिघळली म्हणून भरती झाले, साखर वाढलेली निघाली, इन्सुलिन सुरू झालं. एके दुपारी जेवल्यानंतर त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं बरळल्यासारखं झालं आणि ते बेशुद्ध पडले. साखर पार तळाला गेली होती. जीव वाचला, पण मेंदूला इजा झाली ती झालीच. आता ते क्लॅरिनेट तोंडाला लावत, दोन ओळी वाजवत आणि पुढचं विसरत.

हॉस्पिटलनं उत्तर दिलं होतं की इन्सुलिन दिल्यावर बायकोनं पेशंटला जेवू घातलं नाही, त्यामुळं साखर उतरली.

"नवऱ्याला उपाशी ठिवला म्हणत्यात मी," छबुताई म्हणाल्या. "आमचं दीर माझ्या हातचं पाणी पीत न्हाईत. सासू बी त्येच म्हणती आन् देवापुढनं उठत न्हाई. मला पैसं नकोत ओ ताई. माझ्यावरचं ह्ये तेवढं काढा."

मी विचारलं, "काय जेवले होते त्या दिवशी?"

"भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी-भात. समदं संपीवलं."

"दुसरी सुई मारली ती सिस्टर वेगळी होती का?"

"येगळी. सकाळची पोरगी गेली हुती. ही आली ती नटून. मोरपंखी जरीची साडी आन् वर पांढरा कोट. मी म्हटलं, सिस्टर, कुणाचं लगीन हाय का आज? तर हसली. म्हणली, लगीन न्हाई, आमच्या मोठ्या मॅडमचा निरोप हाय."

माझा हात कागदावर तसाच राहिला. तसली मोरपंखी साडी माझ्याही कपाटात होती.

छबुताई गेल्यावर मगदूम बाई म्हणाल्या, "ही दोन सुयांची गोष्ट खरी असेलही. पण नुसत्या तिच्या शब्दावर ग्राहक मंच कसा मानणार? त्यांची साक्षीदार भारी आहे. निवृत्त मेट्रन, एस्तेर रणभिसे. शपथेवर सांगितलंय की आमच्याकडं ड्यूटी बदलताना प्रत्येक खाटेजवळ उभं राहून पेशंटची माहिती दिली जाते, त्यामुळं एकच औषध दोनदा जाणं शक्य नाही. ओळखता तुम्ही त्यांना?"

"ओळखते," मी म्हणाले.

"मग केस संपेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही. फोनसुद्धा नाही."

ओळखते! रणभिसे मॅडमना मी ओळखते म्हणणं म्हणजे आईला ओळखते म्हणण्यासारखं होतं. गार्गी तान्ही असताना दूध पाजायला घरी जाता यावं म्हणून माझ्या वॉर्डात त्या स्वतः येऊन उभ्या राहायच्या. सासरे गेले तेव्हा मला रजा नाकारणाऱ्या ऑफिसातल्या माणसाला त्यांनी असं झापलं की तो पुढं महिनाभर मागच्या जिन्यानं यायचा, मॅडमच्या केबिनवरून जायला नको म्हणून. माझी कंबर गेली तेव्हा मला नव्या मुलींना शिकवायच्या कामावर ठेवा, असं सांगायला त्या व्यवस्थापनाकडे गेल्या. व्यवस्थापनानं नाही म्हटलं. ते सांगायला त्या घरी आल्या, अक्कांच्या हातचा चहा घेतला आणि पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं. "हा कोर्स कर," म्हणाल्या. "वॉर्डाच्या बाहेरही सिस्टर लागते." मला या वाटेला लावणारी बाई हीच.

आणि मॅडमचा हट्ट एकच होता. ड्यूटी संपवणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला पेशंटची माहिती देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ओव्हर खाटेजवळच द्यायची, पेशंटच्या तोंडासमोर, मोठ्यानं बोलून. टेबलाशी बसून दिलेली ओव्हर त्यांना चालत नसे. कुणी दिलेली दिसली तर दोघींना पहिल्या खाटेपासून परत फिरवायच्या, एकीची बस चुकली तरी.

त्यांच्या निरोपाच्या समारंभाला मलाही बोलावलं होतं. मी या हट्टाचीच नक्कल केली आणि सगळा हॉल हसून लोटपोट झाला. सकाळच्या पाळीच्या मुली होत्या, दुपारच्या पाळीच्याही होत्या. मॅडम सगळ्यांच्याच लाडक्या, मग कुणाला वगळायचं? म्हणून समारंभ ठेवलाच होता ड्यूटी बदलायच्या वेळेला. दोन्ही पाळ्या एकत्र सापडतात त्या तेव्हाच. एकीनं वॉर्डातून यायचं, दुसरीनं घरून, सगळ्यांनी एकसारख्या साड्या नेसायच्या, मॅडमना शाल द्यायची, फोटो काढायचा आणि पळायचं. त्या धांदलीत वॉर्डात कोण कुणाला काय सांगून आलं असेल? हॉलच्या दारात, केसात गजरा माळता माळता, "सगळं ठीक आहे गं" एवढंच.

सकाळच्या मुलीनं इन्सुलिन दिलं आणि लिहायचं राहिलं. दुपारच्या मुलीला जागा कोरी दिसली, तिनं पुन्हा दिलं. मला डोळ्यांपुढं लख्ख दिसत होतं.

पण हे मगदूम बाईंना सांगायचं म्हणजे मॅडमना मंचापुढं उभं करून विचारायचं, की तुमच्याच निरोपापायी तुमचा नियम मोडला ना? मी त्या दिवशी काही बोलले नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत घरी आले.

नेमका त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. मी नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. दोन दिवसांनी पुन्हा आला. एरवी त्यांचा फोन मी दुसऱ्या रिंगला उचलायची. गार्गी म्हणाली, "आई, मॅडमआजींचा फोन आहे." मी म्हणाले, "वाजू दे." पोरीनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिची नजर चुकवून आत जावं लागलं.

रविवारी सकाळी मेथी निवडताना मी घरात सगळं सांगून टाकलं. आमचे यजमान मोटारींचं वाइंडिंग करतात. जळलेली तार काढून नवी भरायची, हा त्यांचा स्वभावच झालाय.

"सोड ही केस," ते म्हणाले. "दुसरी घे. मगदूम बाईंना सांग, माझं जुनं हॉस्पिटल आहे, मला नको. त्यात काय एवढं?"

"मग त्या बाईंना कोण सांगणार, त्या दुपारी काय झालं ते?"

"तू सोडून दुसरं कुणीतरी."

"दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

अक्का खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"त्या बाईच्या सासूनं तिला काय म्हटलं म्हणालीस?" अक्कांनी विचारलं.

"नवऱ्याला उपाशी ठेवलंस म्हणाली."

"हे असलं बोलणं बाईला सरणावर जाईस्तोवर चिकटतंय बघ. मी सासू हाय, मला इचार." अक्कांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तू बोलणार न्हाईस, तर ते कोण पुसणार तिचं?"

"आणि मॅडमचं काय, अक्का? त्यांना किती लागेल."

"लागंल की. पर ती मोठी बाई हाय. तिला झेपंल."

मी मेथीच्या काड्या गोळा केल्या. अक्कांशी माझं जन्मात इतकं एकमत झालं नव्हतं. त्यांना तसं सांगितलं असतं तर चार दिवस डोक्यावर बसल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही.

सोमवारी मी मगदूम बाईंना सगळं सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच.

"आवटी सिस्टर, हे तुम्ही आठवडाभर पोटात ठेवलंत?"

"ठेवलं. आता सांगतेय. पण मॅडमना आडवळणानं काही विचारायचं नाही. शब्दात पकडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. समारंभ कधी होता ते सरळ विचारा आणि त्या दिवशी ओव्हर खाटेजवळ झाली का ते सरळ विचारा."

"अहो, त्या हॉस्पिटलच्या साक्षीदार आहेत. शपथपत्र दिलंय त्यांनी. आता उलटं कशाला बोलतील?"

"त्यांना कुणी ती तारीख दाखवलीच नसणार. पद्धत काय एवढंच विचारलं असेल, ती त्यांनी सांगितली. सरळ विचारलं तर सरळ सांगतील."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर ही खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या."

बोलून गेले खरी, पण बसमध्ये बसल्यावर मनात हिशोब मांडला. मॅडम नाही म्हणाल्या तर छबुताईंचं म्हणणं कायमचं खोटं ठरणार होतं. माझं नवं काम सुरू होण्याआधीच बुडणार होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅडमबद्दल मी इतकी वर्षं जे धरून चालले होते, तेही जाणार होतं.

सांगलीला ग्राहक मंचात उलटतपासणीचा दिवस आला. मॅडम हॉस्पिटलच्या गाडीतून उतरल्या. पांढरी सुती साडी, केस मागं चापून बसवलेले, निवृत्त झाल्या तरी चाल तीच, वॉर्डाच्या राउंडला निघाल्यासारखी. मी मगदूम बाईंच्या मागं बसले होते. मॅडमनी मला पाहिलं. ओळखीचं हसू चेहऱ्यावर आलं आणि मग मी कुणाच्या मागं बसलेय ते त्यांच्या लक्षात आलं. हसू तिथंच थांबलं. मी मान खाली घातली नाही, पण घालावीशी फार वाटली.

मगदूम बाईंनी आधी पद्धतीबद्दल विचारलं. मॅडमनी खणखणीत आवाजात सांगितलं. ओव्हर खाटेजवळच. माझ्या सगळ्या नोकरीत मी दुसरी चालू दिली नाही. हॉस्पिटलचे वकील खुशीत मान हलवत होते.

"मॅडम, तुमचा निरोप समारंभ कधी झाला?"

मॅडमनी तारीख सांगितली.

"शंकर वायदंडे बेशुद्ध पडले तो दिवस हाच. तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नाही."

"समारंभ दुपारी ड्यूटी बदलायच्या वेळेला होता?"

"हो."

"त्या दिवशी ओव्हर खाटेजवळ झाली का?"

हॉस्पिटलचे वकील ताडकन उठले. साक्षीदार त्या वेळी वॉर्डात नव्हत्या, त्यांना हे कसं सांगता येईल, वगैरे. ते बोलत होते आणि मॅडम समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्या निरोपाच्या हॉलमधल्या खुर्च्या मोजत असणार, हे मला दिसत होतं. कोण पहिल्या रांगेत, कोण फोटोत, कोण शाल घेऊन आलं. इतक्या वर्षांत मी त्या बाईला उत्तराला इतका वेळ लावताना पाहिलं नव्हतं. शेजारी छबुताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"वकीलसाहेब, बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "मला सांगता येईल." मग अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, त्या दिवशी ओव्हर खाटेजवळ झाली नाही. होणं शक्यच नव्हतं. दोन्ही पाळ्यांच्या माझ्या मुली तेव्हा माझ्यासमोर हॉलमध्ये बसल्या होत्या. मी प्रत्येकीच्या हातून फूल घेतलंय. शपथपत्रात मी सांगितलं ते रोजचं होतं. त्या दिवसाचं ते खरं नाही."

"म्हणजे इन्सुलिन दोनदा दिलं गेलं असू शकतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"असू शकतं. त्या ताई दोनदा म्हणत असतील, तर मी त्यांचं ऐकेन."

छबुताईंनी माझं मनगट सोडलं आणि पदर तोंडाला लावला. मगदूम बाई "एवढंच" म्हणून खाली बसल्या.

हॉस्पिटलच्या वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपल्याच साक्षीदाराला काय विचारावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मागं बसलेल्या या बाई तुमच्या हाताखाली होत्या. व्यवस्थापनाशी बिनसलं म्हणून नोकरी सोडून गेल्या. त्या रागातून ही केस उभी केली आहे, असं तुम्हाला वाटत नाही का?"

"राग?" मॅडम म्हणाल्या. "तिला राग यायला हवा होता खरा. मला आला होता. ती शांतपणे सगळ्या वॉर्डांना भेटून गेली. साहेब, वसुधा आवटी माझ्या हाताखाली तयार झाली. मी ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांत हिच्या हातात मी डोळे मिटून पेशंट दिला असता. हे लिहून घ्या. त्यांनी विचारलंय, तर उत्तर पूर्ण लिहिलं गेलं पाहिजे."

टायपिस्टनं लिहून घेतलं. पुढं निकाल छबुताईंच्या बाजूनं लागला. पत्नीची कोणतीही चूक नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते वाक्य छबुताईंनी दिराला घरात बसवून तीन वेळा वाचायला लावलं. शंकररावांचं क्लॅरिनेट मात्र परत आलं नाही. त्यानंतर मी कितीतरी केसेस केल्या. कधी हॉस्पिटलच्या विरुद्ध, कधी हॉस्पिटलच्या बाजूनंही. गार्गी आता स्वतः वकील आहे आणि मला फी कमी लावतेस म्हणून रागावते. पण कुणी मला विचारलं की या कामात तुम्ही खऱ्या अर्थानं कधी आलात, तर मी त्या दिवशीच्या मंचाच्या व्हरांड्याचं सांगते.

साक्ष संपल्यावर मॅडम बाहेर आल्या. हॉस्पिटलची गाडी दारात उभी होती, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या सरळ छबुताईंकडे गेल्या आणि हात जोडले.

"तो निरोप माझा होता, ताई. मला ठाऊक नव्हतं."

छबुताई गडबडल्या. "तुमी खरं बोललासा मॅडम, बास झालं," म्हणाल्या आणि त्यांनी मॅडमचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले.

मग मॅडम माझ्याजवळ आल्या. मी म्हणाले, "मॅडम, फोन उचलला नाही मी. वकीलबाईंनी…"

"ते कळलं मला. बरोबर केलंस." त्यांचा आवाज थकलेला होता. "प्रश्न तू काढलेस ना?"

"हो."

"चांगले होते. पण एक राहिला. सुई कुणी टोचली, ते तुझ्या वकीलबाईंनी विचारलंच नाही. त्या दिवशी त्या वॉर्डात कुणाकुणाची ड्यूटी होती, मला ठाऊक आहे. ड्यूट्या मीच लावल्या होत्या. शपथेवर होते मी. विचारलं असतं, तर दोन्ही नावं सांगावी लागली असती."

"म्हणूनच विचारू दिलं नाही, मॅडम," मी म्हणाले. "चूक समारंभाची वेळ ठरवणाऱ्यांची. त्या पोरींची नावं कशाला हवीत?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. कोर्टात उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून वर उचललं.

"इथं नको. मी त्यांची साक्षीदार आणि तू समोरच्या बाजूची. कुणी बघितलं तर तुझी केस कच्ची होईल."

समोरच्या बाजूची, हे शब्द त्या अशा थाटात म्हणाल्या की जणू मला तिथं नेमणूक त्यांनीच दिली होती. मग पदर सावरून रिक्षा स्टँडकडे चालत निघाल्या. मी व्हरांड्यात ताठ उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले, आणि इतका अभिमान मला त्याआधी कधी कुणाचा वाटला नव्हता, माझा स्वतःचाही.